मोजून एक प्रकाशकण : क्वांटम अभियानापुढील एक सूक्ष्म पण अवघड प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान राज्यमंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी पवई येथील आयआयटी मुंबईच्या भेटीत, राष्ट्रीय क्वांटम अभियानांतर्गत उपकरणनिर्मितीच्या सुविधांसाठी ७२० कोटी रुपयांची घोषणा केली. आयआयटी मुंबई, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी दिल्ली आणि आयआयटी कानपूर या चार संस्थांमध्ये या सुविधा उभ्या राहणार आहेत. याच भेटीत पवई येथे द्रवरूप हेलियमच्या सुविधेचे उद्घाटनही झाले. अशा बातम्यांत रकमेचा आकडा मथळ्यात जातो आणि हेलियम शेवटच्या परिच्छेदात. या लेखाच्या विषयापुरते मात्र दोन्हींचे महत्त्व सारखेच आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी या अभियानास मंजुरी दिली होती. त्यासाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची तरतूद आणि २०२३-२४ ते २०३०-३१ असा कालावधी ठरला. ५० ते १,००० क्यूबिट क्षमतेचे संगणक, उपग्रहाच्या साह्याने २,००० किलोमीटर अंतरावरील सुरक्षित संदेशवहन, तेवढ्याच अंतरात शहरांदरम्यान गुप्त किल्लीचे वितरण, अशी मोठी उद्दिष्टे तेव्हा जाहीर झाली आणि ती बहुतेकांच्या स्मरणात राहिली. त्याच निवेदनात पुढे एक लहानशी ओळ होती. एकेकट्या प्रकाशकणांचे स्रोत व शोधक, तसेच परस्परांत गुंफलेल्या प्रकाशकणांचे स्रोत विकसित केले जातील, असे त्या ओळीत म्हटले होते. प्रकाशावर आधारलेल्या सर्व उद्दिष्टांचे भवितव्य या ओळीशी बांधलेले आहे.

वृत्तानुवाद करणाऱ्याला अशा ओळी अडवतात. 'मागणीनुसार एकल प्रकाशकण पुरवठा' असे भाषांतर केले तर ते शिधावाटप दुकानाच्या पाटीसारखे वाटते. पण अर्थ नेमका तोच आहे. मागाल तेव्हा, मोजून एक. शून्य नको आणि दोनही नकोत.

ही मागणी दिसते तितकी साधी नाही. घरातील दिव्यातून दर सेकंदाला अगणित प्रकाशकण बाहेर पडतात आणि त्यांच्या येण्याला काही शिस्त नसते. लेझरचा प्रकाश शिस्तबद्ध असला, तरी त्यातील कणांची संख्या निश्चित नसते. लेझरचे स्पंद क्षीण करत करत सरासरी दर स्पंदास एक दशांश प्रकाशकण इतके खाली आणले, तर शंभरातील सुमारे ९० स्पंद रिकामे जातात, नऊ स्पंदांत एक कण असतो आणि दर दोनशे स्पंदांमागे साधारण एकात दोन किंवा अधिक कण सापडतात. म्हणजे ज्या स्पंदांत काही तरी आहे, त्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांत नको असलेला जास्तीचा कण आहे. तो कमी करायचा तर स्पंद आणखी क्षीण करावे लागतात आणि मग रिकामे स्पंद वाढतात. लेझर कितीही उत्तम असला, तरी संभाव्यतेच्या या गणितातून त्याची सुटका नाही.

जास्तीचा एक कण इतका का खुपावा, याचे उत्तर भारतातच मांडल्या गेलेल्या एका कल्पनेत आहे. डिसेंबर १९८४ मध्ये तेव्हाच्या बंगलोर शहरात भरलेल्या संगणकविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार या दोघांनी एक शोधनिबंध सादर केला. प्रत्येक प्रकाशकणाच्या ध्रुवणावर गुप्त किल्लीचा एक अंश लिहून पाठवायचा. वाटेत कोणी तो वाचला तर त्यात बदल होतो आणि चोरी उघडकीस येते, असे त्याचे सार होते. 'बीबी ८४' या नावाने ही पद्धत आज जगभर ओळखली जाते. मात्र एकाच स्पंदात दोन कण गेले, तर चोर एक ठेवून घेतो, दुसरा पुढे जाऊ देतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. या अडचणीवर २००३ ते २००५ या काळात एक युक्तीचा तोडगा निघाला. खऱ्या स्पंदांमध्ये कमी-अधिक तीव्रतेचे फसवे स्पंद मिसळायचे आणि चोराने वाटेत केलेली निवड आकडेवारीवरून पकडायची, असा तो तोडगा आहे. त्यामुळे किल्लीच्या वितरणासाठी क्षीण लेझर आज व्यवहारात पुरेसा ठरतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटना आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर किल्लीवितरणाचे प्रात्यक्षिक यशस्वी केले. त्यासाठी कोणाला परिपूर्ण प्रकाशस्रोताची वाट पाहावी लागली नाही. क्वांटम डॉटचे समर्थक अनेकदा ही बाजू झाकून बोलतात आणि त्याने त्यांच्याच म्हणण्याचे वजन कमी होते.

मग गरज कोठे आहे? गरज आहे ती पुढच्या टप्प्यावर. काचतंतूमधून जाताना, सर्वांत अनुकूल तरंगलांबीलाही, शंभर किलोमीटरनंतर सुमारे शंभरातील एकच प्रकाशकण उरतो. दोनशे किलोमीटरनंतर दहा हजारांतील एक. दोन हजार किलोमीटरचा हिशेब मांडला तर एकावर चाळीस शून्ये इतक्या कणांमागे एक येतो. दर सेकंदाला एक अब्ज कण सोडत राहिले, तरी विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात पलीकडच्या टोकाला एकही पोहोचण्याची आशा नाही. नेहमीच्या दूरसंचारात वाटेत प्रवर्धक बसवून संकेत वाढवला जातो. येथे ते करता येत नाही, कारण अज्ञात क्वांटम स्थितीची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले आहे. म्हणून आज दोन शहरांच्या दरम्यान अशी ठाणी ठेवावी लागतात, जेथे किल्ली उघडून पुन्हा बंद केली जाते. त्या प्रत्येक ठाण्यावर आणि तेथील माणसांवर विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास अनावश्यक ठरवायचा असेल, तर गुंफलेल्या प्रकाशकणांच्या जोड्या नेमक्या वेळी निर्माण करणारे स्रोत आणि त्या जतन करणाऱ्या स्मृती हव्यात. प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम संगणकाची मागणी तर याहून कठोर आहे. त्याला एकाच वेळी अनेक, आणि एकमेकांपासून ओळखू न येणारे प्रकाशकण लागतात.

या दोन्ही मागण्यांसाठी अर्धवाहक पदार्थातील क्वांटम डॉट हा आज सर्वांत प्रबळ दावेदारांपैकी एक आहे.

क्वांटम डॉट हे नाव वाचकांना २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकामुळे परिचित असेल. मुंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी येकिमोव्ह यांना ते विभागून मिळाले. दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांत रंग उजळवणारे डॉट हे त्याच घराण्यातले, पण ते द्रावणात, रासायनिक पद्धतीने बनतात. येथे ज्यांची चर्चा आहे, ते स्फटिकाच्या पोटात वाढवलेले असतात. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इंडियम आर्सेनाइडचे एक इवले बेट, साधारण वीस नॅनोमीटर रुंद आणि काही नॅनोमीटर उंच. त्यात हजारो अणू असतात, तरीही ते एकाच अणूसारखे वागते. या बेटात एक इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉनाने सोडलेली एक रिकामी जागा अडकली, की दोहोंचे मीलन होऊन साधारण एक अब्जांश सेकंदात एक प्रकाशकण बाहेर पडतो. एकच, कारण पुन्हा भरल्याखेरीज ते बेट दुसरा कण देऊ शकत नाही. अशा दोन जोड्या एकाच वेळी भरल्या, तर दोन कण पाठोपाठ निघतात आणि बेट पुरेसे सममित असेल तर त्यांचे ध्रुवण परस्परांत गुंफलेले असते.

ही बेटे घडवण्याची रीत विलक्षण आहे. अतिउच्च निर्वात पोकळीत, साधारण ५०० अंश सेल्सिअस तापमानाला तापवलेल्या चकतीवर अणूंचे झोत सोडले जातात आणि एकावर एक अणुथर चढत जातो. मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी असे या पद्धतीचे नाव आहे. इंडियम आर्सेनाइडमधील अणूंची मांडणी खालच्या गॅलियम आर्सेनाइडपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी ऐसपैस असते. सुरुवातीला वरचा थर खालच्या मांडणीत स्वतःला दाबून बसवतो. पण दीड-दोन अणुथरांपुढे तो ताण असह्य होतो आणि पृष्ठभाग आपोआप लहान लहान उंचवट्यांत फुटतो. हेच क्वांटम डॉट. कोणी कोरलेले नसतात. पदार्थच आपला ताण अशा रीतीने मोकळा करतो. बल्गेरियातील इव्हान स्ट्रान्स्की आणि ल्युबोमीर क्रस्तानोव्ह यांनी १९३८ मध्ये स्फटिकवाढीविषयी मांडलेल्या विचारावरून या प्रकाराला त्यांचे नाव पडले.

या शास्त्रात 'वाढ' हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो, की ऐकणाऱ्याला शेतीची आठवण व्हावी. आणि अडचणही शेतीसारखीच आहे. ही बेटे पेरलेल्या पिकासारखी ओळीत येत नाहीत, बांधावरच्या गवतासारखी वाटेल तेथे उगवतात. दोन बेटांचा आकार सारखा नसतो. आकार बदलला की प्रकाशाचा रंगही बदलतो. एका चकतीवर अब्जावधी बेटे असू शकतात आणि त्यांतले कामाचे एखादे शोधून काढावे लागते. तापमानात थोडा फरक, आर्सेनिकच्या दाबात थोडा फरक, आदल्या आठवड्यात यंत्र उघडावे लागले असल्यास राहिलेला बाष्पाचा अंश, यांपैकी कशानेही पीक बिघडते. यंत्र एकदा उघडले की ते तापवून पुन्हा शुद्ध होईपर्यंत कित्येक आठवडे जातात. निविदेत यंत्राची किंमत लिहिता येते. ते यंत्र हाताळणाऱ्याच्या अंगी मुरलेला अनुभव कोणत्याही निविदेत लिहिता येत नाही.

चांगले बेट सापडले तरी पुढचा प्रश्न उभाच असतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये प्रकाश इतका वाकतो, की पृष्ठभागाला सुमारे सोळा-सतरा अंशांपेक्षा अधिक तिरका आलेला किरण आतल्या आतच परतून राहतो. आत जन्मलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम दोन वरच्या पृष्ठभागातून बाहेर येतात. मोजून एक कण देणारा स्रोत ५० पैकी ४९ वेळा रिकामा हात दाखवत असेल, तर तो मागणीनुसार देतो असे कसे म्हणावे?

याचा उपाय एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये दाखवलेल्या एका तत्त्वात आहे. प्रकाश सोडणारी वस्तू योग्य मापाच्या पोकळीत, आरशांच्या मध्ये ठेवली, तर ती त्या पोकळीच्या दिशेने आणि अधिक वेगाने प्रकाश सोडते. म्हणून बेटाच्या वर आणि खाली अर्धवाहकांचे एकाआड एक थर वाढवून आरसे तयार केले जातात आणि दोन-तीन मायक्रोमीटर व्यासाचा एक स्तंभ कोरला जातो. बेट त्या स्तंभाच्या मध्यावर आले पाहिजे, आणि त्याचा रंग पोकळीच्या मापाशी जुळला पाहिजे. प्रारंभी हे नशिबावर सोडलेले होते. शेकडो स्तंभ कोरायचे आणि एखाद्यात योग साधला आहे का ते पाहायचे. फ्रान्समध्ये पास्कल सेनेलार यांच्या गटाने २००८ मध्ये क्रम उलटा केला. आधी अतिशीत अवस्थेत बेटाचा प्रकाश पाहून त्याचे स्थान निश्चित करायचे आणि मग त्याच्याभोवतीच स्तंभाची आखणी करायची. हा बदल सांगायला दोन वाक्ये पुरतात, परंतु या क्षेत्राला कारागिरीकडून अभियांत्रिकीकडे नेणारे वळण तेथे आले, असे माझे मत आहे.

तिसरी अट सर्वांत सूक्ष्म आहे. बाहेर येणारे कण एकमेकांपासून वेगळे ओळखू येता कामा नयेत. रंग, ध्रुवण, लांबी, काहीच भिन्न नसावे. त्यासाठी 'एकसारखे' हा शब्द अपुरा आहे. जुळी भावंडेही एकसारखी असतात, पण ती दोन आहेत हे सांगता येते. येथे 'अभिन्न' म्हणावे लागते. प्रकाशकण मोजताना त्यांना अभिन्न मानले पाहिजे, ही दृष्टी ढाक्यात अध्यापन करणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये दिली आणि अशा कणांच्या कुळाला बोसॉन हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. असे दोन अभिन्न कण अर्धपारदर्शक आरशावर दोन बाजूंनी एकाच क्षणी येऊन पडले, तर ते नेहमी एकाच बाजूने जोडीने बाहेर पडतात. १९८७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालेला हा आविष्कार प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम संगणकाचा कणा आहे. कण किंचित भिन्न असले, तरी जोडी फुटते आणि गणित चुकते.

क्वांटम डॉट ज्या स्फटिकात बसलेला असतो, तो स्फटिक शांत नसतो. अणू थरथरत असतात, शेजारी एखादा विद्युतभार येतो-जातो, आणि प्रत्येक हालचालीने पुढच्या कणाचा रंग किंचित ढळतो. म्हणूनच हे स्रोत उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर चार अंशांवर ठेवावे लागतात. पवई येथील हेलियम सुविधेचा उल्लेख लेखाच्या आरंभी केला, तो याच कारणासाठी. त्या तापमानाला द्रवरूपात राहून थंडावा देऊ शकणारा हेलियमखेरीज दुसरा व्यवहार्य पदार्थ नाही आणि भारत तो जवळजवळ सर्वस्वी आयात करतो. वापरलेला वायू गोळा करून पुन्हा द्रवरूप करण्याची सोय नसलेल्या प्रयोगशाळेत एखादा संशोधक महिनाभर सलग प्रयोग करू शकत नाही. बंदिस्त शीतयंत्रे हा पर्याय आहे. तीही बहुतांशी बाहेरून येतात.

या तीन अटी एकत्र साधण्यास किती काळ लागला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील सांता बार्बरा येथे पीटर मिखलर आणि सहकाऱ्यांनी स्फटिकातील एकाच डॉटमधून एकेक प्रकाशकण मिळवून दाखवला, ते वर्ष २००० होते. २००२ मध्ये केंब्रिज येथील तोशिबाच्या प्रयोगशाळेत विजेच्या प्रवाहावर चालणारा असा स्रोत तयार झाला. २००६ मध्ये गुंफलेल्या जोड्या मिळाल्या. २०१६ मध्ये फ्रान्स आणि चीनमधील गटांनी तेजस्विता व अभिन्नता एकाच स्रोतात आणली. २०१९ मध्ये चीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातील गटाने एकाच क्वांटम डॉटचे २० प्रकाशकण ६० वाटांच्या जाळ्यात सोडून गणन केले. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे एकूण कार्यक्षमता ५७ टक्क्यांवर गेली आणि २०२५ मध्ये चिनी गटाने ७१.२ टक्के ही नोंद केली.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. प्रकाशावर चालणारा संगणक वाटेतील हानी सोसूनही चालायचा, तर स्रोत आणि शोधक यांची मिळून कार्यक्षमता दोन तृतीयांशांहून अधिक हवी, असे २००८ मध्ये दाखवून देण्यात आले होते. ती मर्यादा स्रोताने ओलांडण्यास १७ वर्षे लागली. कार्यक्षमतेतील थोडा फरकही किती मोठा ठरतो, हे साध्या गुणाकाराने दिसते. २० प्रकाशकण एकाच वेळी हवे असतील आणि प्रत्येक येण्याची शक्यता निम्मी असेल, तर सर्व २० येण्याचा योग दहा लाखांत एकदा येतो. तीच शक्यता ७० टक्के झाली तर दहा हजारांत आठ वेळा. मधला फरक आठशे पटींचा आहे.

या नोंदींमागे एक नाव वारंवार येते आणि मथळ्यांत मात्र ते क्वचितच दिसते. जर्मनीतील बोखुम विद्यापीठ. बाझेलच्या विक्रमी स्रोताचा स्फटिक तेथे वाढवलेला होता. कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतील अनेक प्रयोगांचे स्फटिकही तेथलेच. बाझेलमध्ये २०२२ मध्ये दोन स्वतंत्र डॉटमधून निघालेल्या कणांची अभिन्नता ९३ टक्क्यांपर्यंत नेण्यात आली, त्यामागेही बोखुमचाच स्फटिक होता. एका विद्यापीठातील स्फटिक वाढवणारा एक गट वर्षानुवर्षे तेच काम अधिकाधिक शुद्धपणे करत राहतो आणि त्यावर तीन-चार देशांची कीर्ती उभी राहते. भारतीय धोरणकर्त्यांनी आकडेवारीपेक्षा या व्यवस्थेकडे अधिक लक्ष द्यावे, असे सुचवावेसे वाटते.

आज हे स्रोत विकतही मिळतात. फ्रान्समध्ये सेनेलार यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये स्थापन केलेली क्वांडेला ही कंपनी आणि डेन्मार्कमधील स्पॅरो क्वांटम यांची उत्पादने प्रयोगशाळांना उपलब्ध आहेत. मग स्वतः घडवण्याचा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. विकत घेऊन शिकण्यास सुरुवात करणे शहाणपणाचेच ठरेल. पण २०२४ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि त्या पाठोपाठ सप्टेंबरमध्ये अमेरिकेने क्वांटम संगणक व त्यांच्याशी निगडित यंत्रणांवर निर्यातीचे निर्बंध घातले. अमेरिकेच्या यादीत अतिशीत यंत्रणाही आहेत. अशा याद्या एकदा सुरू झाल्या की लांबत जातात, हा अणुऊर्जा आणि अंतराळ या दोन्ही क्षेत्रांतील आपला अनुभव आहे. शिवाय विकत घेतलेला स्रोत ज्या तरंगलांबीचा आहे, तिच्यावरच समाधान मानावे लागते.

आणि तरंगलांबी हा येथे कळीचा मुद्दा आहे. उत्तमात उत्तम क्वांटम डॉट साधारण ९०० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश देतात. देशभर पुरलेल्या काचतंतूंना १,५५० नॅनोमीटर मानवते. त्याखालच्या पट्ट्यात हानी कित्येक पटींनी वाढते. एकतर त्या तरंगलांबीचे डॉट वाढवावेत, ज्यांचा दर्जा अद्याप मागे आहे. किंवा प्रकाशकणाचा रंग वाटेत बदलावा. दुसऱ्या मार्गाने जर्मनीतील स्टुटगार्ट येथे २०२५ मध्ये दोन वेगवेगळ्या डॉटमधील प्रकाशकणांचे रंग दूरसंचाराच्या पट्ट्यात आणून एका कणाची क्वांटम स्थिती दुसऱ्यावर पोहोचवण्यात आली. त्या गटाचे प्रमुख आहेत तेच पीटर मिखलर, ज्यांचा २००० सालचा प्रयोग वर आला आहे. एका संशोधकाची २५ वर्षे.

कच्च्या मालाविषयी थोडक्यात. चीनने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियमच्या निर्यातीस परवाना सक्तीचा केला, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला होणारी निर्यात थांबवली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी तात्पुरती स्थगित केली. भारताने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत गॅलियम आणि इंडियम दोन्ही आहेत. तथापि क्वांटम डॉटसाठी लागणारे गॅलियम अगदी अल्प असते. टंचाई आहे ती अतिशुद्ध धातूची, निर्दोष चकत्यांची आणि त्या वापरणाऱ्या हातांची. गॅलियमच्या नावाने घबराट पसरवण्याचे कारण नाही.

आपल्याकडे पाटी कोरी नाही, हेही सांगितले पाहिजे. आयआयटी मुंबईत इंडियम आर्सेनाइडच्या क्वांटम डॉटवर अनेक वर्षे काम झाले आहे. त्याचा रोख प्रामुख्याने अवरक्त किरणांच्या शोधकांकडे राहिला. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संयुग अर्धवाहकांचे स्फटिक वाढवले जातात. हैदराबादमध्ये संरक्षण क्षेत्रासाठी गॅलियम आर्सेनाइडची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणारे केंद्र आहे. परंतु अवरक्त शोधकात दाटीने बसलेले लक्षावधी डॉट एकत्र काम करतात आणि त्यांतील थोडे सदोष असले तरी चालते. येथे विरळ वाढलेला एकच डॉट हवा आणि त्याच्या आसपास एकही उपद्रवी विद्युतभार नको. यंत्र तेच असले, तरी ध्येय उलटे आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह आलेला अर्धवाहक कार्यक्रम मुख्यतः सिलिकॉनच्या चिपसाठी आहे. संयुग अर्धवाहकांसाठी त्यात स्थान आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ओडिशातील सिलिकॉन कार्बाइडच्या कारखान्यास मंजुरीही मिळाली, मात्र तो वीजवापराच्या उपकरणांसाठी आहे. गॅलियम आर्सेनाइडमधील प्रकाशस्रोत दोन्ही कार्यक्रमांच्या सीमेवर राहतात, आणि सीमेवरच्या शेताला पाणी कोणी द्यायचे हा वाद आपल्याला नवा नाही.

क्वांटम डॉटच अखेरीस बाजी मारतील, असे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. स्फटिकात लेझर सोडून योगायोगाने जोड्या मिळवण्याची जुनी पद्धत सोपी आहे, ती सामान्य तापमानाला चालते आणि चीनच्या २०१६ मधील उपग्रहाने २०१७ मध्ये १,२०० किलोमीटर अंतरावर गुंफण दाखवली ती याच पद्धतीने. भारतात जून २०२५ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटना आणि आयआयटी दिल्ली यांनी एक किलोमीटरहून अधिक अंतरावर, मोकळ्या हवेतून, गुंफलेल्या प्रकाशकणांच्या साह्याने सुरक्षित संदेशवहन केले. प्रकाशावर आधारित संगणक उभारू पाहणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीनेही क्वांटम डॉट टाळून सिलिकॉनचा मार्ग धरला आहे. तेव्हा सर्व पैसा एका पेटीत घालावा असे म्हणणे नाही. परंतु जो मार्ग आपण कधी चाललोच नाही, तो योग्य की अयोग्य हेही आपल्याला परक्याच्याच तोंडून कळणार.

चार संस्थांमधील नव्या सुविधा उभ्या राहतील तेव्हा पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतील. स्फटिक वाढवणारे यंत्र एकाच कामासाठी राखून ठेवले जाते की दर महिन्याला वेगळ्या पदार्थासाठी वाटून घेतले जाते? ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाची नेमणूक कायम आहे की प्रकल्पाच्या मुदतीपुरती? वाढवलेल्या चकत्या देशातील इतर प्रयोगशाळांना मिळतात का? पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचे नवोन्मेष केंद्र २०२० पासून आहे, आयआयटी मद्रास येथे अभियानाचे क्वांटम संदेशवहनाचे केंद्र आहे. पवई किंवा बंगळुरू येथे वाढलेली एखादी चकती या दोन ठिकाणी चाचणीसाठी पोहोचली, तर तिच्यावरील डॉटची एकूण कार्यक्षमता किती टक्के भरली, तो आकडा अभियानाच्या वार्षिक अहवालात शोधावा लागेल. सध्या तुलनेसाठी ७१.२ हा आकडा समोर आहे.